जमिनीचं तोंड मिटल्यावर

ग्रीनहाऊस बांधायला गुरमेत एखाद्या गावात गेला, की पहिला अख्खा दिवस बोलण्यात घालवायचा. हातात विलोची काठी, समोर धुळीत ओढलेल्या रेघा आणि भोवती लोकर कातत बसलेल्या बायका.

"प्रकार चार," तो म्हणायचा. "पहिला उंदराचा. कमरेइतका खड्डा, वर वासे, वाशांवर प्लॅस्टिक. स्वस्तात होतो, पण भाजी काढायला रांगत आत जायचं नि रांगत बाहेर यायचं. दुसरा घरजावयाचा. घराच्या दक्षिणेच्या भिंतीला टेकून उभा राहतो आणि घराच्याच उबेवर जगतो. तिसरा सरकारी. लोखंडी पाइप वाकवलेला, खालच्या मैदानी मुलखातून ट्रकनं येतो. दिसायला झकास. मार्चमध्ये वारा सुटला की नदी ओलांडून पलीकडच्या गावाला जातो. त्या गावाचं नशीब."

बायका हसायच्या. कुणीतरी विचारायचंच, "आणि चौथा?"

"चौथा माझा."

चौथा म्हणजे तीन बाजूंना कच्च्या विटांची दुहेरी भिंत आणि दोन भिंतींच्या मधे गच्च दाबलेला पेंढा. मागच्या अंगाला सफेद्याच्या झाडाच्या वाशांवर डहाळ्या आणि माती घालून अर्धं छप्पर. दक्षिणेची बाजू उघडी, तिच्यावर तिरकं प्लॅस्टिक. पूर्वेची भिंत आतून काळी, म्हणजे दुपारचं ऊन पिऊन ठेवील. पश्चिमेची पांढरी, म्हणजे सकाळचा पहिला उजेड रोपांवर फेकील. आतला तळ बाहेरच्या जमिनीपेक्षा दोन फूट खाली. संध्याकाळी प्लॅस्टिकवर लष्कराच्या भंगारातलं पॅराशूट ओढायचं.

"आणि कडा," काठी आपटून तो सांगायचा. "प्लॅस्टिकच्या कडा दगडांनी दाबायच्या. वीतवीतभर अंतरावर एक दगड. सुईएवढा वारा आत शिरला, तर सकाळी पालकाची काच झालेली असते. शेवटचं म्हणजे तळ. तो खणायचा जमिनीचं तोंड मिटायच्या आत. त्यानंतर मला बोलावू नका, मी येणार नाही."

हे शेवटचं कुणाला समजावून सांगावं लागायचं नाही. गुरमेतचं स्वतःचं गाव रोंगजुक, इगू गावाच्या वर दरी जिथे संपते तिथली अकरा घरं. तिथेही तीच रीत. सगळ्यात वरच्या शेताच्या कोपऱ्यात गुडघ्याएवढा चौकोनी पांढरा चौथरा आहे, त्यावर एक चपटा दगड. वसंतात ओनपो, म्हणजे गावाचं पंचांग बघणारे आजोबा, मेमे तोंदुप, दिवस काढून तो दगड बाजूला करतात. जमिनीचं तोंड उघडलं. मळणी आटोपली की दगड परत ठेवतात. तोंड मिटलं. तेव्हापासून वसंतापर्यंत कुणी पहार चालवत नाही, कारण जमिनीखाली राहणारे लू, म्हणजे नागदेव, तेव्हा झोपलेले असतात. लूंचं नावही हिवाळ्यात मोठ्यानं घेत नाहीत.

गुरमेतचा यावर विश्वास होता असं नाही आणि नव्हता असंही नाही. गोठलेल्या जमिनीवर पहार चालवणं हा गाढवपणा, आणि लू हे त्या गाढवपणाला दिलेलं सभ्य नाव, असं तो म्हणे. पण पाळायचा मात्र कटाक्षानं. चौऱ्याऐंशी ग्रीनहाऊस त्यानं बांधली आणि एकदाही ही चूक केली नाही.

त्याच्या स्वतःच्या दारात मात्र एकही नव्हतं. दुसऱ्यांच्या घरी पौषात कोथिंबीर, आणि हा घरी सुकवलेल्या शलगमाचा थुक्पा ओरपतोय. त्याची आत्या यांगदोल भिक्षुणी होती. मठातून उतरून गेली वीस वर्षं ती त्याच्याकडेच राहत होती. सगळं गाव तिला आने म्हणे. ती त्याला येताजाता टोचायची, "बांध रे बाबा एखादं, मरण्यापूर्वी हिवाळ्यात हिरवं पान बघू दे."

पंचाऐंशीवं बांधायला घेतलं ते चोरोलसाठी.

चोरोल त्याची एकुलती एक मुलगी. नवरा जिग्मेत फौजेत, वर हिमनदीवरच्या चौकीत. पाचवा महिना लागला तेव्हा ती माहेरी आली. लेहच्या डॉक्टरीणबाईंनी बोटातून रक्त काढून बघितलं आणि म्हणाल्या, रक्त फार कमी आहे, गोळ्या घ्या आणि हिरव्या पालेभाज्या रोज खायला घाला. हिवाळ्यात पालेभाजी कुठून आणणार, हे त्यांनी विचारलं नाही. गुरमेतनंही सांगितलं नाही. तो फक्त मान हलवत राहिला. चोरोलची आई चोरोलला जन्म देऊन, रक्त जाऊन गेली होती. फेब्रुवारीत. रस्ता बंद होता आणि ती विझत असताना तो तिचे पाय चोळत बसला होता. त्याहून जास्त काही त्याला करता आलं नव्हतं.

त्यानं सप्टेंबरात विटा पाडल्या, ऑक्टोबरात भिंती चढवल्या, छप्पर टाकलं. प्लॅस्टिकच्या मापाशिवाय तळ खणायचा नाही, कारण उताराचा कोन त्यावर ठरतो, ही त्याची शिस्त. आणि प्लॅस्टिकचा ट्रक खिंडीत अडकला. रोज तो फोन करी, रोज तिकडून "उद्या" येई. मळणी झाली. मेमे तोंदुपनी दगड ठेवला. आणि बरोबर नऊ दिवसांनी प्लॅस्टिक आलं.

सकाळी गुरमेत पहार घेऊन निघाला तेव्हा आने दारातच उभी होती.

"कुठे?"

"तळ खणायला."

"तोंड मिटलंय, गुरमेत."

"माझं पण मिटलेलंच आहे, मी काही बोललो का?"

"थट्टा नको. लोकांना शिकवत फिरतोस ना? बिनखणता लाव या वर्षी. चार पानं कमी येतील."

"चार पानं नाही, आने-ले. तळ वर राहिला तर डिसेंबरात सगळं जळेल. तुला माहितीये, मला माहितीये." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "तिला जानेवारीच्या अखेरची तारीख दिलीय. मी काय तिचे पण पाय चोळत बसू?"

आने बाजूला झाली.

वरचा फूटभर थर लोखंडासारखा होता. पहार टणकन वाजायची, कोपरापर्यंत झिणझिण्या यायच्या. त्याखाली मात्र पहार अचानक आत गेली. माती मऊ होती. काळी, ओलसर, मुठीत धरली की गोळा होणारी. वास जूनमधल्या पाटाच्या पाण्यासारखा. नोव्हेंबरच्या मध्यात, फूटभर खाली! गुरमेतकडे मातीत खुपसायचं लांब दांड्याचं थर्मामीटर होतं, ज्या संस्थेसाठी तो काम करी तिनं दिलेलं. त्यानं ते खुपसलं. चार अंश. शून्याच्या वर. तो स्वतःशीच हसला. असलं नशीब चौऱ्याऐंशी ठिकाणी कधी लागलं नव्हतं.

दुपारी फावड्याखाली सरडा आला.

वीतभर लांब, मातीच्याच रंगाचा, शेपटी अंगाभोवती गुंडाळलेली, डोळे मिटलेले. पोट टम्म फुगलेलं. गार होता, पण ताठर नव्हता. गुरमेतनं तो तळहातावर घेतला, तर पोटात काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. चोरोलला दाखवू, मग कुठेतरी परत पुरून टाकू, असं म्हणून त्यानं तो पूर्वेच्या भिंतीवर उन्हात ठेवला आणि पुन्हा फावडं उचललं.

आणि विसरला. उजेड होता तोवर खणत राहिला, मग चहा, मग थुक्पा, मग अंथरूण. सकाळी आठवण झाली तसा तो उठून धावला. सरडा भिंतीवर होता तिथेच होता. लाकडासारखा वाजला. पोट थंडीनं तडकलं होतं आणि आत तांदळाएवढे चार जीव एकमेकांना चिकटून गोठलेले दिसत होते.

त्यानं ते सगळं ओंजळीत घेतलं, नदीवर गेला आणि बर्फाखाली सोडून आला. घरी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय? एक सरडा.

प्लॅस्टिक चढलं. वीतवीतभर अंतरावर दगड. पालक, मुळा, कोथिंबीर पेरली.

चौथ्या दिवशी कोंब वर आले. गुरमेतनं हिशेब केला, या दिवसांत दहा तरी लागतात. बाराव्या दिवशी पालक कापायला आला. आतल्या भिंतीवर त्यानं रात्रीचं सगळ्यात कमी तापमान दाखवणारं यंत्र टांगलं होतं. सकाळी त्याचा काटा बघायचा, हा त्याचा रोजचा नेम. त्याच्या चांगल्यातल्या चांगल्या ग्रीनहाऊसमध्ये पहाटे तीन-चार अंश असायचे. इथे एकोणीस. बाहेर उणे अठरा.

यंत्र बिघडलं म्हणून त्यानं दुसरं आणलं. एकोणीस. एका संध्याकाळी मुद्दाम पॅराशूट ओढलंच नाही. सकाळी एकोणीस.

"काळी भिंत बरोबर रंगवलीस यावेळी," आने म्हणाली. ती चेष्टा करत नव्हती. ग्रीनहाऊसभोवती हातभर पट्ट्यात बर्फ टिकत नव्हता, तिकडे बघत होती.

गावातल्या बायका येऊन टोपल्या भरून भाजी नेऊ लागल्या. "आता कळलं, आम्हाला दुय्यम माल बांधून दिलास," म्हणून त्याला छळू लागल्या. चोरोल दोन वेळा पालक खात होती. आठवड्यातून एकदा खालच्या दवाखान्यातून सिस्टर देस्कित यायच्या, त्यांनी बोटातून रक्त काढलं आणि टाळीच वाजवली. रक्त वाढलं होतं. गुरमेत बाहेर जाऊन एकटाच जरा रडला. वीस वर्षांचं ओझं उतरल्यासारखं झालं त्याला.

चोरोल झोपायला लागली ती त्याच आठवड्यात.

दोन जिवांची बाई, झोपणारच. आधी नऊपर्यंत, मग अकरापर्यंत. मग दुपारच्या जेवणाला हाक मारून उठवावी लागायची आणि घास तोंडात असतानाच तिचे डोळे मिटायचे. पेटत्या बुखारीच्या शेजारी, दोन रजयांखाली, तिचे हात गार. गारठलेल्या माणसाचे असतात तसे नव्हे, कारण ती कुडकुडत नव्हती. हातांचा रंगही छान होता. नुसते गार, माठासारखे.

सिस्टर देस्कितनी काखेत थर्मामीटर लावलं. पारा चढेना. झटकून पुन्हा लावलं. मग स्वतःच्या काखेत लावलं, तर चढला.

"माझं बिघडलेलं दिसतंय," त्या गुरमेतकडे न बघता म्हणाल्या. "बाळाचे ठोके आहेत. जरा सावकाश आहेत. तुम्ही एकदा लेहला दाखवून या."

एका दुपारी आनेनं तिला धरून, आंघोळ घालायला म्हणून ग्रीनहाऊसमध्ये नेलं, तर तिथे चोरोलनं टक्क डोळे उघडले. हसली. कोथिंबिरीची काडी तोडून चावू लागली. "अबा, किती छान बांधलंय तुम्ही. मला इथेच खाट टाका ना."

खाट टाकली. तिथे ती बोलायची, विणायची, जिग्मेतचा फोन आला तर भांडायचीसुद्धा. घरात आणली की तासाभरात गार. म्हणून मग आणणंच बंद झालं.

गुरमेत मेमे तोंदुपकडे गेला. ऐंशीच्या पुढचे, खिडकीतल्या उन्हात पाय पसरून जव निवडत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"खणताना कुणी निघालं का बाहेर?"

"नाही, मेमे."

"बरं." ते जव निवडत राहिले. "चहा घे."

गुरमेतनं लोण्याच्या चहाचा पेला न पिताच खाली ठेवला. मग त्याला राहवलं नाही. सरडा, भिंत, ऊन, विसरणं, तडकलेलं पोट, सगळं सांगून टाकलं. "मुद्दाम नाही केलं, मेमे. शपथ. ध्यानातून गेलं."

"तू मुद्दाम करणारा नव्हेसच."

"काय ते सांगा. पूजा सांगा, दूध सांगा, मी शंभर मठांना प्रदक्षिणा घालतो. खड्डा बुजवू का?"

"मिटल्या तोंडावर पुन्हा फावडं?" मेमे म्हणाले. "आणि ती आत झोपलीय ना?"

"मग तुम्ही बोला त्यांच्याशी! तुमचं कामच आहे ते!"

म्हाताऱ्यानं सूप खाली ठेवलं. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि गुरमेतला तेच सहन झालं नाही.

"तोंड बंद आहे, बाळा," ते म्हणाले. "मी बोलू कुणाशी?"

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्यानं गाडी बोलावली. मेमे गेले उडत, लेहला मोठं हॉस्पिटल आहे. मागच्या सीटवर गादी, गरम पाण्याच्या सहा बाटल्या, आनेच्या मांडीवर चोरोलचं डोकं. पूल ओलांडेपर्यंत ती जागी होती. पहिल्या वळणावर झोपली. दुसऱ्या वळणावर आने म्हणाली, "गाडी थांबव."

गुरमेतनं हात तिच्या नाकाखाली धरला. काही नाही. तो मनात आकडे मोजू लागला. सोळाला एक श्वास आला. मग पुन्हा काही नाही. या वेळी तेवीस.

"पुढे लेह अजून दीड तास," ड्रायव्हर म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "मागे दहा मिनिटं. लवकर सांगा, आजांग."

"मागे," गुरमेत म्हणाला.

ग्रीनहाऊसमध्ये खाटेवर ठेवल्यावर थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले. "पोचलो का लेहला?" तिनं विचारलं.

"हो," तो म्हणाला. "दाखवून पण झालं. सगळं ठीक आहे म्हणाले."

त्यानंतर बर्फ पडला आणि रस्ता बंद झाला.

तारीख आली आणि गेली. कळा नाहीत. सिस्टर देस्कित चालत आल्या, नळी पोटाला लावून इतका वेळ बसल्या की गुरमेतला वाटलं त्यांनाही झोप लागली. "ठोके आहेत," त्या शेवटी म्हणाल्या. "पण इतके सावकाश नसतात हो. एकाचं बोट दुमडून दुसऱ्याची वाट बघावी लागते." तारीख मोजण्यात चूक झाली असेल, असंही म्हणाल्या. जाताना त्यांनी पालक घेतला नाही.

फेब्रुवारीत चोरोल ग्रीनहाऊसमध्येही उठेनाशी झाली.

कुशीवर, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीला. पालक कमरेएवढा वाढून तिच्या खाटेवर कलला होता. गुरमेत रोज तो कापायचा, तो रोज वाढायचा. तिच्या ओठांना आने पाणी लावायची. ती वाळली नाही, सुकली नाही. तिच्या गालावर लाली होती.

सगळ्या जिल्ह्याला ऊब कशी धरून ठेवायची ते शिकवणारा माणूस तो. एकोणीस अंशात, घामानं निथळत, स्टुलावर बसून पोरीचे गार पाय चोळत होता.

मार्च सरला.

एप्रिलच्या नवव्या दिवशी मेमे तोंदुपनी मुहूर्त काढला. गावच्या दोघांनी त्यांना उचलूनच वरच्या शेतात नेलं. धूप, दूध, जवाचं पीठ. गुरमेत गेला नाही. तो स्टुलावरच होता. वरून ढोलकीचा आवाज आला, मग दगड सरकल्याचा. इतक्या लांबून तो ऐकू येणं शक्य नव्हतं, पण त्यानं ऐकला.

"अबा," चोरोल म्हणाली. "मला जाम भूक लागलीय."

संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत, मुलगी झाली. आनेच्या हातावर, सिस्टर देस्कित पोचायच्या आधी. रक्त गेलंच नाही म्हटलं तरी चालेल. बाळ रडलं, दूध प्यायलं, सगळ्यांसारखं लालगुलाबी होतं. अंग गरम. गुरमेतनं ते गरम अंग गालाला लावलं आणि हुंदके देऊन रडला. जिग्मेत सुट्टी घेऊन आला, गावाला जवाची छांग पाजली, मुलीचं नाव ठेवलं लादोल.

मे महिन्यात, तोंड उघडं असताना, मेमेंना विचारून, पूजा करून, गुरमेतनं ग्रीनहाऊस पाडलं. प्लॅस्टिक काढून जाळलं. भिंती पहारीनं ढकलून खड्ड्यातच पाडल्या, वर माती ओढली, पायांनी तुडवून सपाट केली. बायका हळहळल्या. "वेडा झालास की काय? चांगलं सोन्यासारखं होतं!" तो म्हणाला, "प्लॅस्टिक खराब निघालं."

उन्हाळा छान गेला. लादोल पालथी पडली, बसली. तिला ऊन आवडायचं. तापलेल्या दगडावर ठेवलं तर तासन् तास हलायची नाही, पण मुलांना ऊन आवडतंच. जर्दाळू आले, वाळवले. जव पिवळे झाले, कापले, मळले. चोरोल घरातलं सगळं काम करायची. गुरमेत पुन्हा गावोगाव जाऊ लागला. प्रकार चार, तो सांगायचा. तळाबद्दल सांगताना मात्र आता कुणी हसलेलं त्याला चालायचं नाही.

मळणीनंतर मेमेंनी दगड ठेवला, तेव्हा गुरमेत सगळ्यांत पुढे उभा होता. पूर्ण विधी डोळ्यांत तेल घालून बघितला. काही चुकलं नाही.

घरी आला तर लादोल आईच्या मांडीवर जांभई देत होती. लहानशी, लांबलचक जांभई. तिच्याकडे बघून चोरोललाही आली.

"दमलात दोघी," तो म्हणाला.

सकाळी त्या उठल्या नाहीत.

दुपारीही नाहीत. कुशीवर, चोरोलचे गुडघे पोटाशी, आणि तिच्या पोटाशी वळून लादोल. गालांवर लाली. आने उशाशी बसली होती. तिनं वर बघितलं नाही.

गुरमेतनं पेटीतून मातीचं थर्मामीटर काढलं. लांब दांडा कपड्यानं पुसला. नातीच्या काखेत हलकेच सरकवला आणि काटा थांबेपर्यंत थांबला.

चार.

चोरोलच्या काखेत. चार.

"उठतील," आने म्हणाली. "एप्रिलात उठतील रे."

"आणि ऊब? गेल्या वर्षी ऊब होती. या वर्षी कुठे आहे?"

आनेनं रजई दोघींच्या मानेपर्यंत ओढली.

तो पहार घेऊन मागच्या अंगणात गेला. ऊन उतरायला लागलं होतं. ग्रीनहाऊसच्या बुजवलेल्या जागेवर दहिवर गोठून पांढरंफेक झालं होतं, सगळीकडे सारखं. फक्त मधोमध नव्हतं. तिथे माती काळी, ओली उघडी होती. एक मोठा, लांबट, वळलेला आकार. आणि त्याच्या पोटाशी एक छोटा.

गुरमेत गुडघ्यांवर बसला. हात लावला. माती ऊबदार होती, पण फार नाही. त्याच्या बोटांखालीच कडेनं दहिवर धरायला लागलं होतं. मोठ्या आकाराची कड सुपारीएवढी आत सरकली.

पहार त्याच्या हातात होती. खणलं तर मिटलेलं तोंड. न खणलं तर एवढी ऊब एप्रिलपर्यंत पाच महिने पुरायला हवी.

त्यानं पहार लांब ठेवली. अंगातला लोकरीचा लांब गोंचा काढला, त्या ओल्या जागेवर पसरला. मग भिंतीकडचे दगड आणून कडा दाबू लागला, वीतवीतभर अंतरावर एक दगड, सुईएवढाही वारा आत जाऊ नये म्हणून.